मित्सुकुरा गडाचा फुटका कोपरा

शोवा ३३ (१९५८), १ एप्रिल, मंगळवार

नगर कचेरीतला पहिला दिवस. पहिलं काम – चहा. एकोणीस कप!

आमचे विभागप्रमुख कुवाबारा साहेब म्हणाले, "मुरोझुमी-सान, विद्यापीठात चहा शिकवत होते की नाही?" सगळे हसले. मीही हसले. घरी येताना पुलावर राग आला, पण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

पदवीची गुंडाळी आईने देवघरात वारलेल्या आजोबांच्या नावाच्या पाटीशेजारी उभी केली आहे. रोज सकाळी समोर भाताची वाटी ठेवते. आजोबांना की पदवीला, कोण जाणे! बाबा म्हणतात, "त्या कागदाने दगड फुटतो का?" पण आज उठून पाहते तर माझे बूट पुसून दाराशी ठेवलेले.

४ एप्रिल

मिळालं! खरं काम मिळालं!

गावाला गडावर मनोरा बांधायचा आहे. काँक्रीटचा, पाच मजली, वरून समुद्र दिसेल असा. आसपासच्या दोन गावांनी बांधले, मग आपण का मागे राहायचं? पोरं ओसाकाला निघून चाललीत, शाळेचा एक वर्ग बंद झाला, निदान माणसं बघायला तरी येतील – हे साहेबांचं म्हणणं. ते खोटं नाही. पुढच्या वसंतात उद्घाटन, आणि तेव्हा वाटायला एक पुस्तिका हवी, 'मित्सुकुरा गडाचा इतिहास'. ती मी लिहायची. इतिहास घेऊन पदवी मिळवलेली कचेरीत दुसरी आहे कोण?

"आपल्या शाळेच्या नागाओका गुरुजींची जुनी पुस्तिका समोर ठेवा," साहेब म्हणाले. "फितुराचा भाग जरा रंगवा. लोकांना फितूर फार आवडतो."

मग त्यांना माझं आडनाव आठवलं. त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे... जेवढा लागेल तेवढाच."

६ एप्रिल, रविवार

मसुदा पहिला, गुरुजींच्या पुस्तिकेवरून:

'साडेतीनशे वर्षांपूर्वी शत्रूने मित्सुकुरा गडाला चाळीस दिवस वेढा घातला. गडावरचं धान्य संपलं, तरी कोणी मान वाकवली नाही. तेव्हा गडाचाच पाथरवट योसोबेई याने शत्रूशी संधान बांधून तटाच्या कोपऱ्याचे दगड आतून काढले. त्या खिंडारातून शत्रू शिरला. गडाचे स्वामी लढता लढता पडले.'

योसोबेई म्हणजे आमचा मूळपुरुष, मुरोझुमी घराणं त्याचंच. आमच्याकडे अजून पाथरवटकीच आहे.

दर वर्षी शरदातल्या जत्रेला गावाची मिरवणूक गडावर जाते, फुटक्या कोपऱ्याशी थांबते, आणि प्रत्येक जण एक खडा फेकतो. तिथे आता खड्यांची टेकडी झाली आहे म्हणतात. 'म्हणतात' – कारण मी पाहिलेली नाही. आमच्यातलं कोणी गडावर चढत नाही. महायुद्धाच्या वर्षांत साऱ्या गावाच्या बायका वर रताळी लावायला जायच्या, तेव्हासुद्धा आईने खालचा खडकाळ तुकडा मागून घेतला होता. शाळेची सहल वर जायची त्या दिवशी माझं पोट दुखायचं. जत्रेच्या दिवशी आमच्या घराची दारं बंद. चूल नाही. आदल्या दिवशीच्या भाताचे मुटके खायचे. बाबा दिवसभर छिन्न्यांना धार लावत बसतात. बाहेर ढोल वाजत जातो, आत घर्र, घर्र.

हे सगळं मी माझ्याच अक्षरात लिहून छापायला द्यायचं आहे!

२० एप्रिल, रविवार

आज गडावर गेले. बावीस वर्षांची झाले, आणि पहिल्यांदा.

आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. देवदारांतून पायऱ्या आहेत, काही सुटल्या आहेत. वर सपाटी. तुतीची जुनी खोडं, रताळ्यांचे वाफे अजून ओळखू येतात, महायुद्धातल्या टेहळणीच्या खोपटाचा चौथरा. वाडे, दरवाजे काही नाही. फक्त तट. पण काय तट! चुन्याचा थेंब नाही, दगडाला दगड बिलगून उभा. मी हात लावला. कुणाच्या तरी पाठीला लावावा तसा.

मग कोपरा. तीन पुरुष उंच तट सरळ येतो आणि कोपऱ्यावर एकदम नाही. मोठा घास घेतल्यासारखा. खाली खड्यांचा ढीग, माझ्या कमरेएवढा.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट एक प्रश्न आला. दोन्ही बाजूंनी तट सारखाच कापलेला कसा? घाईघाईत पाडलेल्या खिंडाराला अशी शिस्त असते?

म्हणून तटाला धरून चालत निघाले. मागच्या अंगाला सगळा बांबू माजला आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. हात ओरबाडले, मोजा फाटला. आणि दुसरा कोपरा सापडला – तोही फुटका. तिसरा – फुटका. चौथा – फुटका!

चाळीस दिवसांच्या वेढ्यात एकटा फितूर चार-चार कोपरे कसे फोडेल? आणि शत्रूला शिरायला चार दारं कशाला लागतात?

२१ एप्रिल

जेवताना सांगून टाकलं. बाबांनी काड्या खाली ठेवल्या.

"वर गेली होतीस."

"बाबा, चारही कोपरे–"

"सूप गार होतंय."

बस्स. आईने माझ्या फाटलेल्या मोज्याकडे पाहिलं आणि सुईदोरा आणायला उठली.

२९ एप्रिल

बाबा आठ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. बूट मात्र रोज पुसलेले असतात.

१० मे, शनिवार

कॉलेजच्या वह्या सगळ्या उपसल्या. तिसऱ्या वर्षाच्या वहीत सापडलं, माझ्याच हातचं. तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं आणि विसरले.

वेढ्यानंतर पंधरा वर्षांनी वरून हुकूम निघाला होता – एका प्रांतात एकच गड ठेवायचा, बाकीचे मोडायचे. आणि मोडायची रीत होती. आख्खा तट कोणी पाडत नसे, एवढे हात कुठून आणणार? कोपरे पाडायचे. कोपरे गेले की गड मेला असं सर्वांनी मानायचं.

चारही कोपरे! आमचा गड कोणी फितुरीने पाडला नाही. तो हुकमाने मोडला. पण मग वेढा? आणि योसोबेई?

१८ मे, रविवार

देवळात गेले. मठाधिपती ऐंशीच्या घरात, कानाने मंद, जिभेने नाही. मृतांची जुनी वही मागितली तर म्हणाले, "लग्नाच्या वयात मेलेल्यांच्या याद्या वाचतेस! तुझ्या आईला सांगू का?" पण काढून दिली. वाळवीने खाल्लेली पानं बोटाने नाही, बांबूच्या पट्टीने उलटायची.

दोन तासांनी सापडला. पाथरवट योसोबेई. वेढ्यानंतर वीस वर्षांनी वारला. इथेच, आपल्या अंथरुणात!

ज्या गावाचा घात केला त्याच गावात वीस वर्षं राहिला? आणि पुढे बारीक अक्षरात एक ओळ – गडाच्या स्वामींची विधवा संन्यासिनी झाली होती, ती दर वर्षी याच्या तिथीला दिव्यासाठी तेल पाठवत असे, ती जिवंत होती तोवर.

मी ओरडूनच वाचून दाखवलं. मठाधिपती पट्टीने कान खाजवत म्हणाले, "नवऱ्याचा घात करणाऱ्याला तेल? मी तर माझ्या सख्ख्या भावाला पाठवत नाही."

परत येताना पळत होते की चालत, आठवत नाही.

१ जून, रविवार

बाबा बोलले! म्हणजे, "ती पाटी दे इकडे," असं म्हणाले.

ओकादांच्या शेताचा दगडी बांध ढासळला होता. बाबांना हल्ली अशी कामं कमी. थडग्याचे दगड आणि सिमेंटच्या विटा, एवढंच उरलंय. सकाळी ते निघाले तशी मी मागे गेले. 'नको' म्हणाले नाहीत.

दिवसभर मी दगड वाहिले. समोरचे नाहीत, मागचे. समोर मोठे दगड बसतात, आणि त्यांच्या पाठीमागे लहान दगडांची भर घालायची असते, हातभर जाड. मी शेताच्या कडेला पडलेल्या कपच्या गोळा करून आणल्या, तर बाबांनी पाटी उलटी केली.

"हे काय आणलंस?"

"दगड."

"हा दगड नाही, कचरा आहे. भर नदीचीच हवी. मुठीएवढी, गोल. पाणी तिच्यातून निघून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. लोक पुढचा दगड बघतात आणि वा वा करतात. भिंत उभी असते ती मागच्यावर."

इतकी वाक्यं त्यांनी एका दमात बोललेली मी ऐकली नव्हती.

जुने दगड काढताना ते काळ्या शाईने एकेकावर आकडा घालत होते. मी विचारलं, एक कुठला?

"खालचा. जो आधी बसवायचा तो एक."

"पण काढताना तर वरचा आधी निघतो."

"काढण्यासाठी आकडे कोण घालतं? आकडे परत बसवण्यासाठी असतात. कायमचं मोडायचं त्याला मोजत नाहीत."

परत येताना पाठ मोडली होती. आंघोळीच्या गरम पाण्यात बसून एकटीच हसत होते.

११ जुलै

समितीची बैठक. वाट लागली.

मी चार कोपरे सांगितले, हुकूम सांगितला, देवळातली वही सांगितली. कागद टेबलावर ठेवून वाचलं. नागाओका गुरुजी शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. त्यांनीच मला अक्षरं शिकवली. दर शरदात ते वर्गात फितुराची गोष्ट सांगायचे, आणि सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायची. गुरुजी मात्र तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

"बाकीचे तीन कोपरे भूकंपाने पडले असतील," ते म्हणाले.

"चारही सारखेच, गुरुजी?"

"नोबुए." नावानेच हाक मारली, सगळ्यांसमोर. "आपल्या माणसांवरचा डाग पुसावा असं कोणालाही वाटतं. मी समजू शकतो. पण त्याला इतिहास म्हणत नाहीत."

मी कागद गोळा केले. वाटतंच ना मला तसं! पुसावाच असं वाटतं. मग मी जे पाहिलं ते पाहिलंच, की पाहायचं होतं म्हणून दिसलं?

ठरलं ते असं – पुस्तिकेत जुनीच गोष्ट. मनोरा फुटक्या कोपऱ्यावर, कारण दृश्य तिथून चांगलं. जत्रा झाली की ढीग उपसून काँक्रीट ओतायचं.

१२ जुलै

साहेबांना सांगितलं, ती गोष्ट मी लिहिणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.

"नोकरी जायला तुम्ही अजून पक्क्या कुठे झालात," साहेब म्हणाले. "चहा आणा."

आणला. त्यांनी अर्धा प्याला पिऊन खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सप्टेंबरच्या शेवटी कंत्राटदाराची माणसं जमीन तपासायला ढिगात खड्डा घेणार आहेत. तीन दिवस. तिथे कोणी पदवीधर बाई उभी राहिली तर मी काही गड चढून बघायला येणार नाही. गुडघे दुखतात माझे."

१५ ऑगस्ट

पितरांचे दिवस. आजोबा, पणजोबा सगळे घरी आलेत असं मानून आईने वांग्याला काड्यांचे पाय लावून त्यांना परत जाताना बसायला बैल केला. पदवीला आज भाताबरोबर कलिंगडाची फोडही मिळाली.

मी मनात योसोबेईला विचारलं, तुम्हीही आलात का? नक्की काय केलंत तुम्ही?

२४ सप्टेंबर, बुधवार

खड्डा सुरू. कंत्राटदाराचे दोघे जण, दोघेही बाहेरगावचे, त्यांना फितूर-बितूर काही ठाऊक नाही. "बाई, हे एवढे खडे इथे कोणी आणले?" मी म्हटलं, "साऱ्या गावाने. रागाने." "भलताच चिकट राग!"

वरचे खडे बोराएवढे, हाताला लागतील तसले. काही काचेचे तुकडे, एक शर्टाचं बटण.

२५ सप्टेंबर

खाली गेलो तसे खडे मोठे होत चालले. आज मुठीएवढे निघाले.

गुरुजी आले होते, छत्री टेकत टेकत. वाकून बघितलं आणि म्हणाले, "पूर्वीच्या लोकांचा राग मोठा होता." दोघे कामगार हसले. मला हसू आलं नाही, पण गुरुजींना डबा उघडून लोणचं दिलं. त्यांनी घेतलं. दोघेही खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलो होतो, शाळेत असल्यासारखे. त्यांनाही बघायचं आहे, हे मला तेव्हा कळलं. नाहीतर सत्तर वर्षांचा माणूस तो डोंगर का चढेल?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

दुपारी पहार खणकन वाजली. ढिगाच्या तळाशी मोठा दगड. घडवलेला, लांबुळका, कोपऱ्याचा असतो तसा. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. तट कोसळून पडलेले नव्हेत – ओळीने, अंतर सोडून, दर्शनी बाजू खाली करून निजवलेले.

पहिल्याच्या पाठीवर टाकीने काढलेली एक आडवी रेघ.

"ओरखडा," कामगार म्हणाले. "ओरखडा," गुरुजीही म्हणाले, पण हळू.

मी धावत खाली आले. बाबा अंगणात कुणाच्या तरी थडग्यावर नाव कोरत होते.

"बाबा, वर चला."

टाकीचे घाव थांबले नाहीत.

"दगडावर खूण आहे. ती कसली आहे मला वाचता येत नाही. विद्यापीठात ते शिकवत नाहीत. गावात ते फक्त तुम्हाला येतं."

आणखी तीन घाव. अक्षर पुरं केलं. फुंकर मारून धूळ उडवली. मग टोपी घेतली. आई दारात उभी होती. तिने त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

वर चढताना तिसऱ्या वळणावर बाबा मागे न बघता म्हणाले, "डावीकडून ये. ती पायरी हलते."

मी थबकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"चल."

खरंच हलत होती! ते येत होते तर. कधी, किती वर्षं? पहाटे कामाला म्हणून निघायचे तेव्हा?

बाबा खड्ड्यात उतरले. गुरुजी बाजूला झाले. बाबांनी रेघेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ओरखडा नाही. दोन्ही टोकांना टाकी उचललेली आहे." मग म्हणाले, "एक."

शेजारच्या दगडावरची माती त्यांनी आपल्या टोपीने झाडली. दोन रेघा. तिसऱ्यावर तीन.

कामगारांनी एकाखाली पहार घालून दगड जरा कलता केला. खालच्या थरात आणखी दगड होते. बाबांनी हात घालून चाचपलं. "नऊ. दहा, मला वाटतं. याच्याही खाली असतील, मोठमोठ्या आकड्यांचे."

"म्हणजे काय, तोकुजी?" गुरुजींनी बाबांना विचारलं.

बाबांनी पहिल्या दगडावर तळवा ठेवला. "वरचा दगड आधी निघाला, तो आधी पुरला, म्हणून तो तळाशी. तटाच्या पायाचा शेवटी निघाला, तो सगळ्यात वर. आणि त्याच्यावर आकडा घातलाय एकचा. जो कोणी उकरेल त्याच्या हाताला पहिला तोच लागावा, आणि त्याने पहिला तोच बसवावा." मग मला नाही, गुरुजींना म्हणाले, "मोडणारा असं करत नाही."

गुरुजींची छत्री पडली. ती कोणी उचलली आठवत नाही.

२७ सप्टेंबर

साहेब गडावर चढले! गुडघे दाबत, धापा टाकत. एक, दोन, तीन वाचलं. स्वतःच बोट लावून वाचलं, लहान पोर वाचतं तसं.

"मुरोझुमी-सान," म्हणाले, "मनोरे तर सगळ्यांकडे आहेत."

एवढंच बोलून उतरायला लागले.

३ ऑक्टोबर

समिती. काँक्रीट थांबलं! मनोरा होईल तर खालच्या सपाटीवर, पुढे कधी पैसे उरले तर. आधी कोपरा. जुन्या दगडांनी, जुन्या रीतीने. कोण बसवणार यावर चर्चाच झाली नाही, सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा तसेच वळून, सगळे एकदम. पण या वेळी मी मान खाली घातली नाही.

पुस्तिका पहिल्यापासून लिहायची. वेढ्यात तट फुटला नाही, पंधरा वर्षांनी गड हुकमाने मोडला – इथपर्यंत नक्की. मोडायचं काम योसोबेईला दिलं असावं. त्याने हुकूम पाळला. आणि ते दगड जपून ठेवलेत हे कोणाला कळलं असतं तर गडाच्या स्वामींच्या घराण्यावर संकट आलं असतं, म्हणून तो गप्प बसला असावा. 'असावा' लिहीन. 'असला' नाही. गुरुजींनीच शिकवलं आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी गुरुजी घरी आले. ठेवणीतला काळा पोशाख करून. चटईवर बसले आणि बाबांसमोर कपाळ टेकवलं. उठेचनात.

"सत्तावीस वर्षं मी मुलांना ते सांगितलं. तुझी मुलगी समोर बसलेली असताना."

बाबांना असं काही झालं की कुठे बघावं कळत नाही. ते देवघराकडे बघत होते, पदवीच्या गुंडाळीकडे.

"गुरुजी, उठा. तिला वाचायला तुम्हीच शिकवलंत."

आईने साकेची बाटली गरम करायला ठेवली. तासाभराने ओट्यावरून बाबांचा आवाज – "भूकंप म्हणे!" आणि गुरुजींचं हसू. अजून हसताहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

जत्रा. सकाळी उठले तर आईने चूल पेटवलेली. दारं सताड उघडी. छिन्न्या खोक्यात.

ढोल आमच्या दारावरून गेला आणि मला ढोलाचं तोंड दिसलं! त्यावर पांढरा बगळा रंगवलेला आहे, हे मला बावीस वर्षं ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघे मिरवणुकीच्या शेवटी चाललो. आई निम्म्यात थांबून म्हणाली, "माती चांगली होती हो इथली. रताळी कशी झाली असती!" वर गेलो. ढीग आता बाजूला रचलेला, मोठे दगड उघडे. सगळा गाव खडे हातात घेऊन नुसता उभा. सवयीने आणलेले, पण आता करायचं काय? कुणीतरी मागून म्हणालं, "मग आता मारायचे कोणाला?" हसायलाही कोणी धजेना. सगळे बाबांकडे चोरून बघत होते.

शेवटी ओकादांची म्हातारी पुढे झाली. "आता आणलाच आहे तर ठेवते बाई," म्हणाली. कमरेत वाकली आणि आपला खडा ढिगाच्या कडेला हळूच ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी ठेवला. फेकला नाही कोणी.

बाबा तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. मग ढिगाकडे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाबा कालपासून गडावर आहेत. आज कचेरी सुटल्यावर गेले, तर त्यांनी सगळा ढीग चाळून दोन ढीग केले होते. वरचे लहान खडे एकीकडे. तळाचे दुसरीकडे – हजारो, सगळे गोल, सगळे मुठीएवढे. एकही डोंगरातला नाही. सगळे नदीचे. नदी इथून अर्ध्या तासाची वाट, तीही चढाची.

मी एक उचलला. हाताला ओळखीचा वाटला. ओकादांच्या बांधाला मी दिवसभर हेच वाहिले होते!

"बाबा, ही तर भर आहे."

"हं. पहिल्या लोकांना माहीत होतं. पुढचे विसरले."

म्हणजे योसोबेईला दगड मारत नव्हते. त्याला दगड आणून देत होते. दर शरदात, घरटी एक, कोपरा पुन्हा उभा राहील तेव्हासाठी.

पुरेल का, मी विचारलं. बाबांनी नजरेनेच मोजलं. थोडी कमी पडेल म्हणाले.

रविवारी आम्ही नदीवर जाणार आहोत. येताना ओकादांच्या म्हातारीला सांगितलं, फक्त तिला. रात्र व्हायच्या आत गावात कोणाकडे उसनी द्यायला पाटी शिल्लक नाही, सगळ्यांनी आपापली रविवारसाठी काढून ठेवली आहे.